कृपया थोड्या वेळाने डायल करा

आमच्या ऑफिसात नुकताच लागलेला एक मुलगा आहे. डोंबिवलीहून अंधेरीला येतो, त्यामुळे सकाळी टेबलाशी पोचेपर्यंत त्याची अर्धी ताकद घाटकोपरलाच संपलेली असते. कोड मात्र स्वच्छ लिहितो. गेल्या महिन्यात त्यानं एक लहानसं फंक्शन लिहून माझ्याकडे बघायला पाठवलं. बाहेरच्या एका सर्व्हरला विनंती पाठवायची, ती फसली तर एक सेकंद थांबून पुन्हा पाठवायची, पुन्हा फसली तर पुन्हा एक सेकंद, असं पाच वेळा. मी हाताच्या सवयीनं खाली शेरा मारला, 'दर वेळी थांबायचा वेळ दुप्पट कर, वर थोडा जिटर टाक.' तर तो उठून माझ्याकडे आला. "करतो मॅम. पण एक विचारू? आपल्याला उत्तर लवकर हवंय ना? मग दर वेळी आणखी जास्त थांबून आपलंच नुकसान नाही का?"

"सर्व्हरवर लोड येतो रे," मी म्हटलं. तो 'ओके मॅम' म्हणाला, बदल करून टाकला, दुपारच्या आत ते काम बंद झालं. माझ्या डोक्यात मात्र बंद झालं नाही. संध्याकाळी गाडीत खिडकी मिळाली (तीही गोरेगावनंतर, पण मिळाली) आणि बाहेर बघता बघता तोच प्रश्न पुन्हा वर आला. आपण सांगतो एक, दोन, चार, आठ. का बुवा? एक, दोन, तीन, चार का नाही? आणि जिटर म्हणून जे काही टाकायला सांगतो, म्हणजे मुद्दाम घातलेला गोंधळ, त्याची गरज त्याला पटेल अशा शब्दांत सांगायची तर कुठून सुरुवात करायची?

त्या मुलाच्या फंक्शनमध्ये एक गोष्ट फार छान होती आणि ती मी शेऱ्यात लिहिली नव्हती. पुष्कळ नवखी मुलं रिट्रायच्या, म्हणजे फसलेली विनंती पुन्हा पाठवायच्या, फंक्शनला प्रॉमिसच (पुढे येणाऱ्या उत्तराची जणू चिठ्ठी) हातात देतात. म्हणजे विनंती आधीच सुटलेली असते आणि तिचं फळ काय येईल ते बघायचं एवढंच उरतं. पण जावास्क्रिप्टमधलं प्रॉमिस एकदा नाकारलं गेलं की ते कायमचं नाकारलेलं. त्याच्यापुढे दहा वेळा अवेट, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांब, असं लिहा, दहाही वेळा तोच एरर येणार, तोही क्षणात, कारण सर्व्हरकडे दुसऱ्यांदा कोणी गेलेलंच नसतं. लूप फिरतो, लॉगमध्ये 'प्रयत्न २', 'प्रयत्न ३' उमटतं, आणि प्रत्यक्षात दार एकदाच वाजवलेलं असतं. ह्यानं फंक्शन दिलं होतं. दर फेरीत ते नव्यानं चालवायचं, दर फेरीत नवं प्रॉमिस जन्माला यायचं. नव्यानं मागितल्याशिवाय नवं उत्तर नाही. ट्राय म्हणजे करून बघायचा भाग, कॅच म्हणजे त्यातली चूक झेलायचा; त्या ट्रायच्या आत अवेटही नीट लिहिलेला होता. तो विसरला तर एरर कॅचमध्ये येतच नाही, बाहेरच्या बाहेर निसटतो.

थांबण्याची सोयही मजेशीर आहे. जावास्क्रिप्टला झोपता येत नाही. बाकीच्या भाषांत असते तशी स्लीपची आज्ञा तिथे नाही, म्हणून सेटटाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळानं वाजणारा गजर, एका प्रॉमिसमध्ये गुंडाळायचं आणि त्याच्यावर अवेट लावायचं. त्या मधल्या वेळात प्रोग्रॅम अडून बसत नाही, स्क्रीन हलते, बाकीची कामं होतात, फक्त हे एक फंक्शन जिथल्या तिथे थबकलेलं असतं. २०१७ च्या जावास्क्रिप्टमध्ये असिंक-अवेट आलं तेव्हापासून हे सगळं साध्या फॉर लूपमध्ये, वरून खाली वाचता येईल असं लिहिता येतं. त्याच्या आधी कॉलबॅकच्या (एक काम झालं की चालवायच्या फंक्शनच्या) आत कॉलबॅक लिहून हेच काम केलेलं ज्यांना आठवतं, त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. म्हणजे मशीनला थांबणं जवळजवळ फुकट आहे. नुकसान होतंच, तर ते पलीकडे फोन धरून बसलेल्या माणसाचं.

फोन म्हटल्यावर मला लालबागचा बूथ आठवला. नव्वदच्या आसपासची गोष्ट. काका नागपूरला होते, त्यांच्या घरी फोन होता, आमच्याकडे नव्हता. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, म्हणून बाबा जेवून, शर्ट चढवून, पावणेअकराला मला घेऊन निघायचे. पिवळ्या पाटीचा बूथ, आत काचेची खोली, त्यात एक पंखा जो वारा कमी आणि आवाज जास्त द्यायचा, आणि वर लाल आकड्यांचं मीटर. बाहेर रांग. अख्ख्या मुंबईतल्या बूथांवर अशाच रांगा असणार आणि त्या सगळ्या अकराचा ठोका पडायची वाट बघत असणार. अकरा वाजले की पहिला गडी आत जाऊन नंबर फिरवायचा. या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत, कृपया थोड्या वेळाने डायल करा. बाई इतक्या शांतपणे सांगायची की तिच्यावर चिडताही यायचं नाही. मग लगेच पुन्हा. पुन्हा तीच बाई. बूथवाला रिडायलचं बटण अंगठ्यानं दाबत राहायचा, मधे श्वास घेण्याइतकीही उसंत न देता, आणि त्या तिथे असं दाबणारे हजारो अंगठे एकाच वेळी चालू आहेत हे कोणाच्याच ध्यानात यायचं नाही. आमच्या चाळीतले एक गृहस्थ होते, दुसऱ्या मजल्यावरचे. ते सवाअकरा, कधी साडेअकरा, कधी अकरा पंचवीस, असे कधीही उगवायचे, पानाची पिंक टाकून आत जायचे आणि पहिल्या झटक्यात त्यांचा फोन लागायचा. बाबांना वाटायचं, नशीबवान माणूस.

नशीब कसलं! सगळे ज्या ठोक्याला धावत होते, तो ठोका त्यांनी सोडून दिला होता.

हेच गणित काही माणसांनी कागदावर मांडलं त्याला आता पन्नासावर वर्षं झाली, आणि ते सुरू झालं हवाईत. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनल्स रेडिओनं ओआहू बेटावरच्या मुख्य कॉम्प्युटरला जोडली. नाव दिलं अलोहानेट. सगळ्या बेटांना बोलायला एकच रेडिओ वाहिनी. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही बोलणं फुकट. पोच आली नाही की समजायचं, कोणाशी तरी टक्कर झाली, आणि मग ज्यानं त्यानं मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा पाठवायचं. मनाला येईल तितका, म्हणजे ठरवून अनियमित. दोघं सारखाच वेळ थांबले तर पुन्हा त्याच क्षणी एकमेकांवर आपटणार. एवढ्या साध्या नियमावर ते जाळं चाललं. वाहिनीच्या क्षमतेचा जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपासच भाग कामी येतो असं त्याचं गणित सांगतं, पण बेटं बोलायला लागली. अब्रॅमसन यांना सर्फिंगचं वेड होतं. लाट कधी घ्यायची आणि कधी सोडायची हे ज्याला कळतं, त्याला हा नियम सुचला यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

दुपटीचा भाग नंतर आला. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली तेव्हा अलोहानेटचा अभ्यास त्यांच्या गाठीशी होता. तिथे रेडिओऐवजी एक केबल आणि तिच्यावर लटकलेली पुष्कळ यंत्रं. टक्कर झाली की पहिल्यांदा शून्य किंवा एक यातला कुठलाही आकडा उचलायचा आणि वेळेचे तितके ठरावीक तुकडे थांबायचं. दुसऱ्या टकरीनंतर शून्य ते तीन, तिसरीनंतर शून्य ते सात. दहाव्या टकरीपर्यंत ही मर्यादा १०२३ वर जाते आणि तिथेच थांबते. सोळा वेळा आपटल्यावर यंत्र हात टेकतं आणि वरच्या प्रोग्रॅमला कळवतं की हे काही होत नाही. दहा मेगाबिटच्या इथरनेटवर असा एक तुकडा म्हणजे ५१.२ मायक्रोसेकंद. आता ऑफिसातल्या केबलींत अशा टकरी होत नाहीत, मधल्या स्विचनं तो प्रश्नच मिटवला. पण आपल्या घरातलं वायफाय आजही याच धर्तीवर माघार घेतं.

गाडी बोरिवलीला पोचली तेव्हा मला त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं होतं. केबलवरच्या यंत्राला माहीतच नसतं की आपल्याबरोबर आणखी किती जण बोलू बघतायत. विचारणार कोणाला? त्याच्याकडे बातमी एकच, ती म्हणजे आत्ताची टक्कर. एकदा आपटलं तर समजावं दोघं असतील. पुन्हा आपटलं तर चार असतील. पुन्हा आपटलं तर आपल्याला वाटलं त्याच्या दुप्पट गर्दी आहे. म्हणजे एक, दोन, चार, आठ हे आकडे सेकंदांचे दिसत असले तरी तो गर्दीचा अंदाज आहे, दर अपयशागणिक सुधारत नेलेला. दर वेळी एकच सेकंद थांबणारा प्रोग्रॅम चार वेळा तोंडावर आपटूनही काही शिकलेला नसतो.

आणि न शिकल्यानं काय होतं ते १९८६ च्या ऑक्टोबरात इंटरनेटनं पाहिलं. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलंच बर्कली विद्यापीठ, अंतर ४०० यार्ड, म्हणजे पावणेचारशे मीटरच्या आत. त्या दोघांमधला डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. केबल तुटली नव्हती, यंत्रं बिघडली नव्हती. उत्तराला उशीर झाला म्हणून कॉम्प्युटर समजले की डेटाचं पाकीट हरवलं, त्यांनी तेच पुन्हा पाठवलं, त्या नकलांनी रस्ता आणखी तुंबला, त्यामुळे उत्तरं आणखी उशिरा यायला लागली. त्याच प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी हे सगळं खोदून काढलं, १९८८ मध्ये त्यावर निबंध लिहिला, आणि यंत्रांना माघार घ्यायला, हळू सुरुवात करायला शिकवलं. आज टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर डेटा नीट पोचवायच्या पद्धतीचा, नियम असा की सुरुवातीला साधारण एक सेकंद वाट बघायची, मग प्रत्येक फसलेल्या वेळेला दुप्पट. आपल्या खिशातला फोन हे दिवसभर करत असतो. म्हणजे त्या मुलाचा पाच फेऱ्यांचा लूप मुळातच दुसऱ्या एका लूपच्या डोक्यावर बसलेला आहे.

हे वाचताना मुंबईकराला २६ जुलै २००५ आठवणारच. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. मी तेव्हा नोकरीला नुकतीच लागले होते आणि अंधेरीत अडकले होते. मोबाइल लागत नव्हते. ऑफिसातला प्रत्येक माणूस खिडकीपाशी उभा राहून घरचा नंबर लावत होता, फोन कानाला, नजर खालच्या काळ्या पाण्यावर, फोन खाली, पुन्हा हिरवं बटण. कोणाला सांगणार की बाबांनो, जरा दमानं घ्या? माझाच अंगठा थांबत नव्हता. शेवटी एसएमएस टाकला, 'ऑफिसातच आहे, काळजी करू नका.' एसएमएसची तऱ्हा वेगळी. तो मधल्या केंद्रात जाऊन पडतो आणि केंद्र आपल्या गतीनं तो पोचवायचा प्रयत्न करत राहतं, सुरुवातीला लवकर लवकर, मग लांब अंतरानं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चालत चालत घरी पोचले, आईनं गरम पाणी काढून दिलं, मी न्हाऊन चहा घेत बसले होते आणि तेव्हा आईचा फोन वाजला. 'ऑफिसातच आहे, काळजी करू नका.' आईनं आधी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता वाटतं, त्या यंत्रणेनं आपलं काम चोख केलं होतं. फक्त त्या निरोपाची मुदत केव्हाच संपली होती, आणि ते यंत्रणेला सांगणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला कँटीनमध्ये हे सगळं ऐकवलं. हवाई, लालबाग, सगळं. तो शांतपणे ऐकत होता, मग म्हणाला, "मग मॅम, दुप्पट केलं की झालं ना? जिटर वर कशाला?" मी म्हटलं, समज, सर्व्हर एका क्षणी पडला. त्या क्षणाला त्याच्याकडे आलेल्या हजार विनंत्या एकदम फसल्या. सगळ्यांच्या प्रोग्रॅममध्ये तुझाच लूप आहे. बरोबर एक सेकंदानं हजारच्या हजार परत दारात. मग दोन सेकंदांनी पुन्हा हजार. मधे दार ओस. दुपटीनं लाटांमधलं अंतर वाढतं, लाट फुटत नाही. ती फोडायला हवा अनियमितपणा. २०१५ मध्ये ॲमेझॉनच्या मार्क ब्रुकर यांनी याचे नमुने चालवून बघितले आणि मर्यादा आठ सेकंदांची असेल तर शून्य ते आठमधला कुठलाही आकडा उचलायचा, ही वरवर बेशिस्त वाटणारी रीत त्यात उत्तम ठरली. म्हणजे एखाद्याला जवळजवळ लगेच दार वाजवायला मिळतं, एखाद्याला पूर्ण आठ सेकंद ताटकळावं लागतं, आणि सर्व्हरच्या दारात कायम चार-दोनच माणसं असतात. शिवाय वरची मर्यादा लागतेच. एका सेकंदापासून दुप्पट करत गेलात तर दहाव्या दुपटीला १०२४ सेकंद होतात, म्हणजे सतरा मिनिटं, तोवर माणूस ॲप बंद करून झोपलेला असतो. ॲप बंद झालं तर रिट्रायही तिथल्या तिथे रद्द व्हायला हवा.

मग त्यानंच एक गोष्ट काढली जी माझ्या शेऱ्यात नव्हती. "मॅम, पण आपल्या गेटवेमध्येही रिट्राय आहे ना?" गेटवे म्हणजे ॲप आणि आतल्या सर्व्हिसेस यांच्या मधलं दार. आम्ही चहा अर्धवट टाकून वर गेलो आणि बघितलं. ॲपमध्ये प्रयत्न पाच. गेटवेत तीन. त्याच्यामागच्या सर्व्हिसमध्ये डेटाबेससाठी तीन. माणसानं एकदा बोट लावलं तर सगळ्यात खालच्या, आधीच धापा टाकणाऱ्या डेटाबेसवर पंचेचाळीस. प्रत्येक थरानं आपापल्या परीनं शहाणपणाच केलेला. त्यानं दोन थरांतले रिट्राय काढून टाकायचा प्रस्ताव ठेवला, आणि मला तो माझ्या दुपटीच्या शेऱ्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

कुठल्या अपयशावर पुन्हा जायचं हाही प्रश्न आहेच. ४०४ आला तर ती वस्तू तिथे नाही, चार सेकंदांनी विचारलं म्हणून ती उगवणार नाही. ४०१ आला तर आधी ओळख पटवा. ४२९ म्हणजे सर्व्हर सांगतोय की फार वेळा येताय, ५०३ म्हणजे आत्ता जमणार नाही, आणि या दोन्हींबरोबर तो कधीकधी किती वेळानं यायचं तेही रिट्राय-आफ्टर या ओळीत लिहून देतो. समोरचा वेळ सांगत असताना आपली दुपटीची गणितं चालवणं हा सरळसरळ उद्धटपणा झाला. पण सगळ्यात अवघड अपयश टाइमआउटचं. उत्तर आलं नाही, बस्स. विनंती पोचलीच नाही, की पोचली, काम झालं आणि नुसती पोचपावती वाटेत गेली? यादी मागवायची असेल तर पुन्हा मागवा, काही बिघडत नाही. पैसे पाठवायचे असतील तर?

परवा मालाड स्टेशनबाहेर रिक्षातून उतरले. क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, गोल फिरत राहिला. रिक्षावाल्याचा स्पीकर गप्प. मागून बसवाला हॉर्न मारतोय. "दादा, परत करू का?" मी विचारलं. "थांबा ना मॅडम, कालच एकानं दोनदा केले. एक तासानं माझ्याकडे दोन्ही आले, आता त्याला शोधू कुठे?" दादांना त्या गोष्टीचं नाव माहीत असायचं कारण नाही, पण ते आयडेम्पोटन्सीबद्दलच बोलत होते, म्हणजे तीच गोष्ट दोनदा केली तरी परिणाम एकदाच व्हायला हवा. याला उपाय आहे. पहिल्या प्रयत्नाआधी व्यवहाराला एक क्रमांक द्यायचा आणि प्रत्येक पुनर्प्रयत्नात तोच पाठवायचा. सर्व्हर तो बघतो आणि म्हणतो, हे तर झालंय, हे घ्या मघाचंच उत्तर. फक्त हा क्रमांक लूपच्या बाहेर तयार करायचा. लूपच्या आत केला तर दर फेरीला नवा व्यवहार.

आणि एवढं सगळं केल्यावर, दुप्पट, जिटर, मर्यादा, क्रमांक, शेवटचाही प्रयत्न फसला की आमचं ॲप काय दाखवतं? 'काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.' खाली मोठं, गडद, अंगठ्याच्या बरोबर टप्प्यात येणारं बटण. त्या बटणाला ना दुपटीचा नियम, ना मर्यादा, ना आधीचा क्रमांक. माणूस ते दाबतच सुटतो आणि दर दाबण्यामागे आमचा सगळा शहाणा लूप पहिल्यापासून सुरू होतो. मी आणि त्या मुलानं मिळून डिझाइनवाल्यांना लिहिलंय की प्रोग्रॅम जितका थांबणार असेल तितका वेळ बटणही बंद ठेवा, पुन्हा दाबलं तर व्यवहाराचा जुनाच क्रमांक जाऊ द्या, आणि पैसे गेले की नाही ते आपल्याला माहीत नसेल तर स्वच्छ लिहा की माहीत नाही, तपासतोय. त्यांचं म्हणणं, 'माहीत नाही' लिहिलं तर लोकांचा ॲपवरचा विश्वास उडेल. माझं म्हणणं, तो 'काहीतरी चुकलं' या दोन शब्दांनी केव्हाच उडालाय. बैठक पुढच्या बुधवारी आहे.